पितळ उघडे पडते, तेव्हा भाव चढतो

एखाद्याचे ‘पितळ उघडे पडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या माणसाची अब्रू गेलेली असते. जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात मात्र याच घटनेने अब्रू वाढते आणि तिच्यासोबत किंमतही. साठ वर्षांपूर्वी जर्मनीत तयार झालेली, बाहेरून काळा रंग दिलेली आणि हाताळून हाताळून कडांवरचा रंग उडाल्याने खालचे पिवळे पितळ दिसू लागलेली लायका कॅमेऱ्याची लेन्स, त्याच कारखान्यातील त्याच सालच्या पण क्रोमचा मुलामा असलेल्या लेन्सपेक्षा कितीतरी पट महाग विकली जाते. दोन्हींच्या आत काचा त्याच असतात, त्यांची रचना तीच असते आणि दोन्हींनी टिपलेली छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली तर कोणते कोणाचे, हे जाणकारालाही सांगता येणार नाही. मग हा एवढा फरक कशाचा? नुसत्या रंगाचा की रंगाखाली आणखी काही आहे?

हा प्रश्न आता मूठभर संग्राहकांपुरता उरलेला नाही. रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक कॅमेरा. यात डोळा लेन्समधून पाहत नाही. वरच्या बाजूला स्वतंत्र खिडकी असते आणि लेन्सचे कडे फिरवून त्या खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून ठेवल्या की अंतर जुळते. १९६० च्या दशकात एसएलआर कॅमेऱ्यांनी या जातीला मागे टाकले आणि तिच्या लेन्स माळ्यावरच्या पेट्यांत जाऊन पडल्या. पुढे २००४ साली एप्सनचा आर-डी१ आणि २००६ साली लायकाचा एम८ हे डिजिटल रेंजफाइंडर आले. पाठोपाठ मिररलेस कॅमेरे आले आणि एका साध्या अ‍ॅडॅप्टरच्या साहाय्याने जवळपास कोणतीही जुनी रेंजफाइंडर लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसू लागली. साहजिकच माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या. वडिलांची किंवा आजोबांची लेन्स घेऊन कोणी दुकानात जातो तेव्हा त्याला पहिले वाक्य ऐकू येते ते बहुधा असे : ‘चंदेरी आहे हो, काळी असती तर गोष्ट वेगळी होती.’ आणि कधी कधी दुसरेही ऐकू येते : ‘काळी करून देऊ का?’ या दुसऱ्या वाक्याकडे आपण शेवटी वळू.

प्रारंभी रूढी नेमकी उलटी होती, हे आज अनेकांना ठाऊक नसते. वेट्झलार येथील अर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्याने ऑस्कर बार्नाक यांनी तयार केलेला लायका १९२५ सालच्या लाइपझिगच्या वसंत मेळ्यात मांडला, तेव्हा त्याचे अंग काळ्या एनॅमलचे होते आणि माक्स बेरेक यांनी आखलेल्या ५० मिमी लेन्सवर निकेलचा मुलामा होता. म्हणजे कॅमेरा काळा आणि लेन्स चमकती. निकेलची चमक किंचित पिवळसर, उबदार असते. काळा लायका आणि निकेलची एल्मार ही जोडी संग्राहकांना आजही मोह घालते ती या छटेमुळे. अंतरमापक आणि लेन्स यांची यांत्रिक सांगड १९३२ साली लायका २ मध्ये घातली गेली आणि त्याच वर्षी झाइस इकॉनचा काँटॅक्सही आला. तोही काळाच होता.

क्रोमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर देण्याची पद्धत १९२० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत विकसित झाली आणि बघता बघता मोटारींचे बंपर, न्हाणीघरातील नळ व हॉटेलांतील खुर्च्यांचे पाय निळसर चंदेरी झाले. क्रोम हा त्या काळचा आधुनिकतेचा रंग होता. १९३३ सालापासून लायका क्रोममध्ये मिळू लागला. १९३६ सालचा काँटॅक्स २ तर क्रोममध्येच अवतरला. काळा कॅमेरा आता ‘जुना’ दिसू लागला. आज काळ्यासाठी जादा पैसे मोजणाऱ्यांना गंमत वाटेल, पण त्या वेळी जादा कौतुक होते ते क्रोमचे!

मुलामा कशासाठी द्यावा लागे, हे मराठी घरात वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की आंबट पदार्थ कळकतो, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकताही माहीत होते. लेन्सचे नळकांडे पितळेचे करण्याचे कारण असे की, पितळ लेथवर सुरेख कापले जाते, त्यावर बारीक आटे पाडता येतात आणि ते आटे वर्षानुवर्षे एकमेकांवर फिरले तरी सहसा चावत नाहीत. परंतु उघडे पितळ घामाने व दमट हवेने काळवंडते, त्यावर हिरवा कळंक चढतो. म्हणून त्यावर आधी निकेलचा आणि पुढे क्रोमचा थर आला. हा क्रोमचा थर आश्चर्य वाटावे इतका पातळ, सर्वसाधारणपणे एका मायक्रॉनहूनही कमी जाडीचा असतो. पण तो इतका कठीण असतो की खिशातील किल्ल्यांना सहसा दाद देत नाही. जुन्या लेन्सचे क्रोम आरशासारखे चकाकत नाही, साटिनसारखे मंद दिसते. मुलामा देण्यापूर्वीच पितळेचा पृष्ठभाग बारीक खरखरीत करून घेतल्याचा तो परिणाम होय. सत्तर वर्षांपूर्वीची क्रोमची लेन्स हातात घेऊन पाहावी, पुष्कळदा ती कालच डब्यातून काढल्यासारखी वाटते.

काळ्या लेन्सची कथा इतकी सरळ नाही, कारण ‘काळा’ हा एक रंग नसून तीन वेगवेगळ्या प्रक्रिया आहेत आणि खरेदीदाराची बहुतेक फसगत या तिन्हींना एकच समजल्याने होते.

पहिली प्रक्रिया काळ्या रंगाची. यात पितळेवर लाखेसारखा काळा रंग देऊन तो भट्टीत भाजून पक्का करतात. हा रंग देखणा, किंचित ओलसर चमकेचा असतो; पण क्रोमच्या मानाने मऊ. बोटांच्या नित्य स्पर्शाने तो कडांवरून झिजतो आणि खालचे पितळ डोकावू लागते. ज्या लेन्सचे ‘पितळ उघडे पडल्याने’ भाव चढतो, ती ही. दुसरी प्रक्रिया काळ्या क्रोमची. यात विद्युत्-विलेपनानेच काळा थर चढवला जातो. तो टिकाऊ, राखाडीकडे झुकणारा आणि दिसायला काहीसा कोरडा असतो. लायकाच्या कॅमेऱ्यांवर तो १९७१ सालच्या एम५ पासून रूढ झाला.

तिसरी प्रक्रिया अ‍ॅनोडायझिंगची, आणि लेन्सच्या बाबतीत खरे वळण येथेच आहे. ही क्रिया अ‍ॅल्युमिनियमवर होते, पितळेवर होतच नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विद्युत्-रासायनिक क्रियेने त्याच धातूच्या ऑक्साइडचा सूक्ष्मछिद्रयुक्त थर वाढवायचा, त्या छिद्रांत काळा रंग मुरवायचा आणि मग छिद्रे बुजवायची, अशी ही रीत आहे. १९२३ साली ब्रिटनमध्ये समुद्री विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचविण्यासाठी तिचा औद्योगिक उपयोग सुरू झाला. याचा अर्थ इतकाच की, जी लेन्स काळी अ‍ॅनोडाइझ केलेली आहे तिचे बाह्यांग पितळेचे असूच शकत नाही. रंग बदलला तेव्हा धातूही बदलला होता.

पितळेची घनता पाण्याच्या साधारण साडेआठ पट, तर अ‍ॅल्युमिनियमची केवळ २.७ पट. हा फरक हाताला लगेच कळतो. सोयीचे उदाहरण म्हणून लायकाच्याच अलीकडच्या लेन्स घेऊ, कारण त्यांच्या दोन्ही आवृत्त्यांची वजने कंपनीच्या तपशीलपत्रकांतच दिलेली आहेत. १९९४ सालच्या ५० मिमी एफ/२ समिक्रॉनची काळी आवृत्ती २४० ग्रॅमची, तर चंदेरी ३३५ ग्रॅमची; २००४ साली आलेल्या ५० मिमी एफ/१.४ समिलक्स अ‍ॅस्फेरिकलची काळी ३३५ ग्रॅमची आणि चंदेरी ४६० ग्रॅमची. काचा त्याच, नाव तेच, आणि तरीही सव्वाशे ग्रॅमचा फरक! दिवसभर गळ्यात कॅमेरा बाळगणाऱ्याच्या मानेला तो संध्याकाळी जाणवतो. दुसरीकडे, मंद प्रकाशात कमी वेगाच्या शटरवर छायाचित्र घेताना तेच वजन हात स्थिर ठेवायला मदत करते, असे मानणारेही पुष्कळ आहेत आणि माझाही अनुभव त्यांच्याच बाजूचा आहे. १३५ मिमीच्या पितळी लेन्सच्या बाबतीत मात्र नाकापेक्षा मोती जड होतो. तेथे काळी, हलकी आवृत्तीच घ्यावी, यात मला तरी संशय नाही.

जपानी लेन्सकडे पाहिले की हे स्थित्यंतर अधिक स्पष्ट दिसते. निप्पॉन कोगाकु म्हणजे आजची निकॉन, आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी जड, क्रोममढित लेन्स बनविल्या आणि दशकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांपैकी अनेक लेन्स हलक्या मिश्रधातूच्या काळ्या नळकांड्यांत बसविल्या. निकॉनची ८५ मिमी एफ/२ ही लेन्स याचे ठळक उदाहरण होय. ‘लाइफ’ साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन १९५० साली टोकियोत असताना जपानी छायाचित्रकार जून मिकी यांनी याच लेन्सने त्यांचे एक छायाचित्र घेतले. त्याची प्रत पाहून डंकन इतके प्रभावित झाले की त्यांनी आपल्या लायकावर निकॉनच्या लेन्स चढविल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये पेटलेल्या कोरियन युद्धाची छायाचित्रे त्यांनी टिपली. डिसेंबरात ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने या लेन्सची दखल घेतली आणि जपानी काच जर्मन काचेच्या पंक्तीला जाऊन बसली. त्या वेळची ८५ मिमी क्रोमची आणि चांगलीच वजनदार होती; नंतरची काळी हातात घेतली तर तीच लेन्स आहे यावर विश्वास बसत नाही.

कॅननच्या बाबतीत थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. गोरो योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ साली तयार केलेल्या पहिल्या नमुना कॅमेऱ्याचे नाव होते ‘क्वानॉन’, म्हणजे जपानी बौद्ध परंपरेतील करुणेची देवता कान्नोन. ही कान्नोन म्हणजे आपल्या अजिंठ्याच्या भिंतींवरचा आणि कान्हेरीच्या लेण्यांतला अवलोकितेश्वर. त्या कॅमेऱ्याच्या लेन्सला नाव दिले होते ‘कश्यप’, बुद्धशिष्य महाकाश्यपावरून. पुढे व्यापारी सोयीसाठी ‘क्वानॉन’चे ‘कॅनन’ झाले. बोरिवलीच्या डोंगरात अकरा मस्तकांच्या अवलोकितेश्वरासमोर कॅनन घेऊन उभ्या राहणाऱ्या पर्यटकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

तर कॅननची ५० मिमी एफ/१.८. हिरोशी इतो यांनी आखलेली ही लेन्स १९५१ साली ‘सेरेनार’ या नावाने क्रोममध्ये आली आणि दशकाच्या उत्तरार्धात, मूळ रचना तशीच ठेवून, काळ्या नळकांड्यात गेली. काळी हलकी, सुबक आणि वापरायला सुखद. पण तिला एक रोग आहे. पडद्याच्या म्हणजे डायफ्रॅमच्या जवळच्या काचेवर आतून धुरकट साय धरते, आणि ती पुष्कळ काळ राहिली तर काचेचा पृष्ठभागच कायमचा खाल्ला जातो. पडद्याच्या वंगणातून निघणारी वाफ आणि काचेचा प्रकार यांच्या संयोगातून हे घडते, असे दुरुस्ती करणारे सांगतात. क्रोमच्या जुन्या आवृत्तीत हे प्रमाण पुष्कळ कमी आढळते, हा संग्राहकांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

प्रस्तुत लेखकाने हा धडा स्वतःच्या पैशाने घेतला आहे. मुंबईतील एका दुकानात, दुपारच्या उजेडात खिडकीशी धरून पाहिलेली काळी कॅनन निर्मळ वाटली. घरी अंधारात मागून विजेरी लावली तेव्हा मधोमध दुधाळ चकती उमटली. दुरुस्ती करणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी लेन्स उघडली, काच पुसली, पुन्हा पुसली आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, ‘हे वर नाही, आत गेलंय.’ त्या लेन्सने आजही छायाचित्र निघते. उजेड समोरून आला की मात्र सारे चित्र धुक्यात बुडते. शेजारी ठेवलेली, तिच्याहून काही वर्षे जुनी आणि निम्म्या कौतुकाची क्रोमची सेरेनार मात्र स्वच्छ आहे.

‘काळी हलकी, चंदेरी जड’ हा नियम मनाशी पक्का करावा, तर सोव्हिएत लेन्स तो मोडून टाकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसची यंत्रसामग्री व आराखडे नुकसानभरपाईदाखल सोव्हिएत संघात गेले आणि झाइसच्या सोनार व बायोगॉन लेन्स तेथे ‘ज्युपिटर’ या नावाने पुन्हा जन्माला आल्या. ज्युपिटर-८ म्हणजे ५० मिमी एफ/२, ज्युपिटर-३ म्हणजे एफ/१.५, ज्युपिटर-१२ म्हणजे ३५ मिमी एफ/२.८. पन्नाशी-साठीच्या दशकांतल्या या लेन्स चंदेरी आहेत, पण हातात घेतल्या तर पिसासारख्या हलक्या. कारण ती चांदी क्रोमची नसून अ‍ॅल्युमिनियमची आहे. नंतरच्या काळात त्याच लेन्स काळ्या झाल्या आणि वजनात फारसा फरक पडला नाही. येथे रंगापेक्षा कारखाना आणि साल पाहणे शहाणपणाचे. सालाचे काम सोपे आहे, कारण सोव्हिएत लेन्सच्या अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे सर्वसाधारणपणे उत्पादनाचे वर्ष सांगतात. जुन्या चंदेरी प्रती अधिक काळजीने जुळविलेल्या असतात असा लौकिक आहे. पण या लेन्स आजवर किती अनाडी हातांनी उघडल्या असतील याचा नेम नसल्याने प्रत्येक प्रत वेगळी पारखावी हेच बरे.

आता लायकाकडे परत येऊ, कारण सर्वाधिक पैसा आणि सर्वाधिक गैरसमज तेथेच गुंतलेले आहेत. ‘क्रोमची समिक्रॉन चांगली की काळी?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. तो बहुतेक वेळा रंगाचा प्रश्नच नसतो. १९५६ साली आलेली ५० मिमी रिजिड समिक्रॉन क्रोमची, पितळी आणि सात काचांची होती. १९६९ साली तिची जागा घेणारी काळी समिक्रॉन ही सहा काचांची, वेगळ्या आखणीची लेन्स होती. ३५ मिमी समिक्रॉनचेही तेच : १९५८ सालची पहिली आवृत्ती आठ काचांची आणि बहुतांशी क्रोमची; १९६९ ची काळी, सहा काचांची. तेव्हा ‘क्रोमची लेन्स मृदू चित्र देते, काळी करकरीत देते’ असे जे ऐकू येते, त्यात निरीक्षण खोटे नसते, कारण चुकीचे असते. दोन पिढ्यांच्या लेन्सची तुलना करून श्रेय अंगरख्याला दिले जाते.

खरोखर समान काचा आणि भिन्न अंगरखा असे उदाहरण हवे असेल तर ५० मिमी एफ/१.४ समिलक्स पाहावी. १९५९ साली आलेल्या या लेन्सची आखणी १९६० च्या दशकाच्या आरंभी, नाव न बदलता, बदलण्यात आली. आणि ती नवी आखणी थेट २००४ पर्यंत टिकली. या दीर्घ काळात ती क्रोममध्ये बनली, काळ्या रंगात बनली, काळ्या अ‍ॅनोडायझिंगमध्ये बनली आणि शेवटी पुन्हा चंदेरीतही बनली. लेपनातील सुधारणा आणि प्रत्येक प्रतीची अवस्था यांमुळे पडणारा फरक सोडला तर चित्रात भेद शोधणे व्यर्थ आहे. फिरवण्यात मात्र भेद आहे. पितळी कड्याची गती जड, संथ आणि गुळगुळीत. अ‍ॅल्युमिनियमची हलकी व चपळ. कोणती आवडावी हा ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न. आपटल्यावर काय होते हेही पाहण्यासारखे आहे : पुढचे कडे दोन्हींचे वाकते, पण पितळ बहुधा सबुरीने परत सरळ करता येते, अ‍ॅल्युमिनियम तडकण्याचा धोका असतो.

मग काळ्या रंगाचा हव्यास आला कोठून? त्याचे उत्तर वृत्तछायाचित्रकारांच्या गरजेत आहे. उन्हात क्रोमवरून तिरीप निघते आणि ज्याचे छायाचित्र नकळत टिपायचे तो सावध होतो. आंरी कार्तिये-ब्रेसाँ आपल्या लायकाचे चमकते भाग काळ्या चिकटपट्टीने झाकीत असत, हे प्रसिद्ध आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही वेळ आधी, गांधीजींची भेट घेणारे आणि नंतर त्यांच्या अंत्ययात्रेची छायाचित्रे टिपणारे ते हेच. अशा मंडळींची निकड ओळखून लाइट्झने पुढे मोजके काळे कॅमेरे आणि त्यांना जुळणाऱ्या मोजक्या काळ्या लेन्स बनविल्या. त्या थोड्या होत्या आणि ज्यांच्या हाती पडल्या त्यांनी त्या युद्धांत, मोर्च्यांत आणि पावसात झिजविल्या. सुस्थितीतल्या प्रती त्यामुळे आणखी थोड्या उरल्या. वर उल्लेखिलेल्या डंकन यांच्यासाठी १९५५ साली खास चार काळे कॅमेरे बनविण्यात आले होते. त्यांपैकी एक २०१२ साली व्हिएन्नातील लिलावात १६ लाख ८० हजार युरोला गेला. दुर्मीळता, इतिहास आणि झिजेचे सौंदर्य या तिन्हींची ती किंमत आहे. तिच्यात काचेचा वाटा नाही.

जेथे एवढा पैसा तेथे लबाडी आलीच. साधी क्रोमची लेन्स घ्यायची, मुलामा उतरवायचा, काळा रंग चढवायचा, कडा घासून थोडे पितळ दाखवायचे आणि दुर्मीळ म्हणून विकायची, हा धंदा जगभर चालतो. ओळखण्याच्या काही खुणा आहेत. कारखान्यातला काळा रंग बहुधा थेट पितळेवर असतो, त्यामुळे झिजेखाली पिवळे दिसले पाहिजे. पितळी म्हणून विकल्या जाणाऱ्या लेन्सवर काळ्याखालून चंदेरी डोकावले, तर रंग क्रोमवरच फासला आहे हे समजावे. खरी झीज बोटे जातात तेथेच असते. ज्या खोबणीत कोणाचे नखही शिरणार नाही तेथे पितळ उघडे असेल, तर ते काळाने नव्हे, पॉलिश कागदाने उघडे पाडलेले असते. कोरलेल्या आकड्यांच्या कडा पाहाव्यात. मूळ रंगात त्या धारदार असतात; नंतर रंगवलेल्या लेन्सवर त्या भरल्यासारख्या, बोथट दिसतात आणि आकड्यांतला पांढरा वा लाल रंग ओबडधोबड असतो. स्क्रूच्या खाचेत काळा रंग साचला असेल तर पुढे बोलणेच नको. अनुक्रमांक कोणत्या वर्षाचा, हे छापील याद्यांवरून पडताळता येते. आणि सर्वांत साधे साधन स्वयंपाकघरातच आहे : वजनकाटा. पितळी म्हणून विकली जाणारी लेन्स अ‍ॅल्युमिनियमची असेल तर काटा लगेच सांगतो.

कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत राहणाऱ्याला आणखी एक शत्रू आहे आणि त्याला रंगाशी काही देणेघेणे नाही. पावसाळ्यातील दमट हवेत काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे धागे पसरले की काचेवरचे लेपन कायमचे डागाळते. मूळ चामडी पेटी दिसायला कितीही राजस असली तरी ओल धरून ठेवते. लेन्स तिच्यात ठेवू नये, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावी. खारी हवा क्रोमवरही टोचे पाडते आणि त्या टोच्यांतून हिरवा कळंक वर येतो. अ‍ॅल्युमिनियमचे ओरखडे पांढुरके होतात. अ‍ॅनोडायझिंगमधील काळा रंग वर्षानुवर्षांच्या उन्हाने तपकिरी-जांभळ्याकडे झुकतो. बंद मोटारीत काळी लेन्स अधिक तापते आणि वंगण पातळ होऊन पडद्याच्या पात्यांवर उतरते, हेही ध्यानात ठेवावे.

घेताना माझ्या मते क्रम असा असावा : आधी काच, मग कड्याची व पडद्याची हालचाल, मग वजन, आणि सर्वांत शेवटी रंग. छिद्र पूर्ण उघडून, अंधारात, मागून विजेरी लावून पाहिल्याशिवाय कोणतीही लेन्स घेऊ नये; विक्रेता घाई करीत असेल तर मुळीच नाही. चित्रे काढण्यासाठी हवी असेल तर त्याच पैशांत स्वच्छ क्रोमची प्रत मिळत असताना धुरकट काळी घेण्यात काही अर्थ नाही. संग्रहासाठी हवी असेल तर गोष्ट वेगळी. तेथे मूळ अवस्था हेच मूल्य असते, मग ती अवस्था झिजलेली का असेना.

परिचयातील एका तरुणाकडे आजोबांची क्रोमची रिजिड समिक्रॉन आली. पुढच्या कड्याला लहानसा पोचा, बाकी सारे ठीक. तिला काळी करून देण्याची तयारी एकाने दाखविली होती आणि केलेल्या खर्चाच्या दुपटीने किंमत वाढेल असे सांगितले होते. क्रोम उतरविण्यासाठी लेन्स पूर्ण सुटी करावी लागते, काचांचे केंद्र पुन्हा जुळवावे लागते आणि एकदा उतरलेला कारखान्याचा मुलामा कोणालाही परत देता येत नाही, हे समजल्यावर त्याने बेत सोडला. पोचा एका कारागिराने लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने काढून दिला. कड्यावर बारीकशी रेघ तेवढी उरली आहे. फिल्टर आता सरळ बसतो.